लेबलवर बारा

२१ ऑक्टोबर २०१९, सोमवार. दुकान बंद ठेवून गिऱ्हाइकांची कार्डं फाडायला बसले.

सहा वर्षांची कार्डं, बुटांच्या चार खोक्यांत भरलेली. जागेचा करार महिनाअखेर संपत होता आणि मला तो वाढवायचा नव्हता. पाठ दुखत होती, गुडघे दुखत होते, आणि एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकून कानही दुखायला लागले होते. लोकांची नावं लिहिलेला कागद इथे सरळ कचऱ्यात टाकता येत नाही, डाटेनशुट्झचा, म्हणजे खाजगी माहिती जपण्याचा, कायदा आडवा येतो. म्हणून शेजारच्या विमा एजंटकडून कागद फाडायचं यंत्र मागून आणलं होतं. त्यात एका वेळी चार कार्डं जातात. पाचवं घातलं की ते अडतं आणि चिमट्याने तुकडे काढत बसावं लागतं. मी दोनदा पाचवं घातलं.

तिसऱ्या खोक्यात मिलिंदचं कार्ड सापडलं. सापडलं म्हणणं खोटं आहे. ते कुठे आहे हे मला चार वर्षं माहीत होतं.

दुकान ई-सिगारेटचं होतं. जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये, ट्रामच्या थांब्यासमोर, त्यामुळे गिऱ्हाईक बरंचसं केमिकल कारखान्यांतलं. मी मूळची सांगलीची, बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि तिकडे अकरा वर्षं एका औषध कंपनीच्या क्यूसीत काम केलेली. क्यूसीत आम्ही एवढंच बघायचो, की पाकिटावर जे लिहिलं आहे तेच आणि तेवढंच गोळीत आहे का. नसेल तर अख्खी बॅच परत. मालकाचा मेहुणा येऊन विनवायला लागला तरी परत. नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आले तेव्हा त्या अनुभवाला कोणी विचारलं नाही. काही वर्षं एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये काढली आणि २०१३ साली हे दुकान टाकलं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोक मला ‘हुक्केवाल्या शैलाताई’ म्हणायचे. म्हणणाऱ्यांतले दोघे-तिघे पुढच्याच आठवड्यात दुकानात येऊन उभे राहायचे, बायकोला न सांगता.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॅटरी, तिला जोडलेली तारेची छोटी कॉइल, कॉइलमध्ये कापूस, कापसात लिक्विड. बटण दाबलं की तार तापते आणि लिक्विडची वाफ होते. लिक्विड म्हणजे ग्लिसरीन, त्याच्यासारखंच आणखी एक द्रव, वासासाठी काहीतरी आणि निकोटिन. काही जळत नाही, म्हणून डांबर नाही, राख नाही. सिगारेटपेक्षा हे पुष्कळ कमी वाईट, पण निर्धोक मुळीच नाही. बाटलीवर एक आकडा असतो: एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम निकोटिन. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याला मी अठरावर बसवायची. मग बारा, सहा, तीन, शून्य. सुरुवातीच्या वर्षांत बाटल्या मी स्वतः मिसळत असे, मागच्या खोलीत, हातमोजे आणि पांढरा कोट घालून. नव्या माणसाला पहिला प्रश्न एकच: सिगारेट ओढता का? नाही म्हणाला तर दार दाखवायची. ज्याला व्यसन नाही त्याला नवं लावून देण्यासाठी मी दुकान उघडलं नव्हतं.

आता कान दुखवणारा तो प्रश्न. सिगारेट सुटून वर्ष झालं की माणूस टेबलावर कोपर टेकून विचारायचा, "आता हेही सोडायला हवं का?" मी म्हणायची, हो, कधीतरी. कधी, ते मला माहीत नाही. सिगारेट परत येणार नाही अशी खात्री वाटेल तेव्हा. यावर लोक नाराज व्हायचे. त्यांना तारीख हवी असायची.

फ्राऊ होल्त्स म्हणून एक बाई यायच्या. आयुष्यभर ट्राम चालवलेली, बोलणं अजून थांबे पुकारल्यासारखं. त्या दीड वर्षात अठरावरून शून्यावर आल्या, दर पायरीची तारीख माझ्याकडून कार्डावर लिहून घेऊन. मी म्हटलं, "आता यंत्रही ठेवून द्या. नुसत्या वाफेत काय आहे?"

"आल्झो, फ्राऊ पाटील," त्या म्हणाल्या, "नवरा गेला, ट्राम गेली, सिगारेट गेली. हाताला काहीतरी राहू द्या."

सहा महिन्यांनी त्यांनी ते यंत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं. चार्जर सापडत नव्हता म्हणे, आणि चार दिवसांनी लक्षात आलं की शोधायचाच राहून गेलाय. सोडणं असं झालं तर बरं. पण सगळ्यांचा चार्जर हरवत नाही.

मिलिंदचा तर कधीच हरवला नसता. चिंचवडचा मेकॅनिकल इंजिनियर, एका कंपनीत पंपांचं डिझाइन करणारा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, वाक्यागणिक ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायची सवय लागलेला. पहिल्या वर्षीच आला. वीस वर्षांची सिगारेट त्याने चार दिवसांत टाकली. चौदाच्या उन्हाळ्यात अठरावरून बारावर उतरला आणि तिथेच थांबला. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याच्या बायकोला वाटत होतं.

मंजिरी मानहाइमच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. पंधराच्या जानेवारीत एका सकाळी ती एकटीच दुकानात आली आणि कोटाची बटणंही न काढता बोलायला लागली.

"ताई, सिगारेट सुटली, तुमचे उपकार आहेत. पण हे किती दिवस? रेवानं शाळेत बापाचं चित्र काढलं तर डोक्याभोवती ढग. खाली लिहिलंय, माइन पापा माख्ट वोल्कन. माझा पापा ढग बनवतो. बाईंनी भिंतीवर लावलंय."

"चांगलं काढलं असेल."

"हसू नका. मी विषय काढला की म्हणतो, मग सिगारेट परत सुरू करू का? म्हणजे मी गप्प बसायचं. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

"सांगून ऐकणारा नाही तो."

आणि इथे मला सासऱ्यांचं मीठ आठवलं. त्यांचं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. सासरे म्हणाले, अळणी खाणार नाही, ताट भिरकावीन. मग सासूबाईंनी आणि मी आमटीतलं मीठ चिमूट चिमूट कमी करत नेलं. चार महिन्यांत निम्म्यावर आलं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याकडे घराघरांत हे चालतं. चहातली साखर, भाजीतलं तेल. पुरुषांच्या तब्येती त्यांना न विचारता सांभाळायच्या आणि दोन बायकांनी ओट्यापाशी एकमेकींकडे बघायचं. मला त्यात कधी काही गैर वाटलं नव्हतं.

"सांगायचंच कशाला?" मी म्हटलं. "बाटल्या मीच मिसळते. दर महिन्याला एक मिलिग्रॅम कमी करीन. वर्षभरात शून्य."

मंजिरीने विचारलं, "त्याला कळलं तर?"

"कसं कळेल? लेबल तेच राहील."

अकरा वर्षं लेबलं तपासलेली बाई हे बोलली. कल्पना माझी होती, मंजिरीची नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

कार्डावर मी दोन रकाने आखले. डावीकडे निळ्या शाईत लेबलवरचा आकडा, तो कायम बारा. उजवीकडे लाल शाईत खरा. फेब्रुवारीत अकरा, मार्चमध्ये दहा, एप्रिलमध्ये नऊ. मिलिंदला काही कळलं नाही. मे-जूनमध्ये तो कॉइल बदलून मागायला लागला.

"ताई, या कॉइल खराब येतायत का? घशाला काही लागतच नाही."

मी नवी कॉइल दिली. जुलैत तो मोठी बॅटरी घेऊन गेला. महिन्याला चार बाटल्या लागायच्या, त्या सहा झाल्या, ऑगस्टमध्ये सात. हे सगळं मी माझ्याच हाताने कार्डावर लिहीत होते आणि माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. सप्टेंबरात मी चारवर उतरले आणि बाटल्या एकदम तीनवर आल्या. मी खूश. मंजिरीला फोन करून म्हटलं, "बघ, सुटतंय." दसऱ्याला तिने डबाभर करंज्या आणून दिल्या, दिवाळीचीही वाट बघितली नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी दुकान उघडायला चालले होते. थांब्यावर तिकिटाच्या यंत्रामागे मिलिंद उभा होता. मला बघून त्याने उजवा हात मागे नेला, वडीलधारं माणूस समोर आल्यावर नेतात तसा. हात मागे आणि धूर खांद्यावरून वर.

"दिसलं मला," मी म्हटलं. "पोळेल हात. पुढे घ्या."

त्याने सिगारेट विझवली आणि थोटूक नीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "मंजिरीला सांगू नका, ताई. दोन महिने झाले. शिफ्टमधले लोक तुमच्याच दुकानातलं सहाचं घेतात, त्यांना पुरतं. मला बारा पुरत नाही. किती ओढलं तरी पुरत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

ट्राम आली. त्याला सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "उद्या दुकानात या."

दुसऱ्या दिवशी त्याला खरोखरच्या बाराची बाटली दिली. म्हटलं, निकोटिनचा नवा साठा आलाय, जरा वेगळा आहे, बघा. आठवड्याभरात सिगारेट बंद झाली. त्याने माझे आभार मानले. मंजिरीला मी इतकंच सांगितलं की जमत नाहीये, थांबवलंय. पुढच्या मे महिन्यात कायदा बदलला, निकोटिन फक्त कारखान्यातून बंद होऊन आलेल्या छोट्या बाटल्यांत विकता यायला लागलं. मी मिसळणं सोडलं, गिऱ्हाइकं आपापलं मिसळायला लागली. लेबलांचा प्रश्न आपोआप मिटला आणि मी तो मिटला असंच धरून चालले.

एकोणीसच्या उन्हाळ्याच्या शेवटी अमेरिकेतून बातम्या यायला लागल्या, वाफ ओढणारी तरुण माणसं फुफ्फुसं निकामी होऊन दवाखान्यात पडताहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बाटल्यांत गांजाचं तेल होतं आणि माझ्याकडच्या बाटल्यांत ते नाही, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. माझं एक गिऱ्हाईक, वेल्डर, यंत्र माझ्या दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून गेला. आठ दिवसांनी तो त्याच डब्याशी सिगारेट ओढत उभा होता. जीव वाचवायला म्हणून.

आणि शनिवारी, एकोणीस तारखेला, मिलिंद आला.

"ताई, मंजिरीनं सांगितलंय, लक्ष्मीपूजनाला ही वस्तू घरात नको. रेवापण मागे लागलीय. ती तर मराठीत बोलतच नाही आता, व्हिडिओ दाखवते नुसते. एकदम सोडतो."

"बारावरून एकदम? आधी नऊवर या, मग—"

"हळूहळू मला जमत नाही. तुम्हीच बघितलंय. बारा चालू असताना मी घसरलो होतो. माझ्यासारख्यानं नऊ घेतलं तर काय होईल? त्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे."

"आणि सिगारेट आली तर?"

त्याने खांदे उडवले. "तर मी त्यातलाच आहे. गेनाऊ. निदान कळेल तरी."

 "मंगळवारी सकाळी या," म्हटलं, "कामावर जायच्या आधी. तोवर काही टाकू नका."

तर सोमवारी मी ते कार्ड घेऊन बसले आणि जे पंधरा साली करायला हवं होतं ते केलं. लाल आकडा गुणिले बाटल्या. नऊपर्यंत बाटल्या चारच होत्या. म्हणजे तिथवर निकोटिन खरोखर कमी झालं होतं आणि त्याला त्रास नव्हता. त्याखाली मी जितकं कमी केलं तितकं त्याने जास्त ओढून भरून काढलं होतं. सहा सक छत्तीस, पाच साते पस्तीस. गुणाकार महिनोन्‌महिने तेवढाच. चारवर आल्यावर तेवढं ओढणं शक्य नव्हतं, म्हणून सिगारेट. यात माणसाच्या मनाच्या कमकुवतपणाचा कुठे संबंधच नव्हता. चौथीच्या मुलाला येईल असं गणित मी केलं नव्हतं, कारण मला ते मीठ वाटत होतं. सासऱ्यांना वरून मीठ घेण्याची सोय नव्हती, मीठदाणी आमच्या ताब्यात होती. सिगारेटची पाकिटं विकणारं यंत्र इथे प्रत्येक कोपऱ्यावर आहे.

संध्याकाळी मंजिरीला फोन केला. ती चकलीच्या भाजणीत होती, स्पीकरवर बोलत होती. मी म्हटलं, स्पीकर बंद कर. मग सिगारेटसकट सगळं सांगितलं.

मागे मिक्सर चालू होता. तो तिने बंद केला.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"त्यानं नको म्हटलं होतं. आणि मला लाज वाटली."

"मग आता कशाला, ताई? चार वर्षं झाली. दिवाळीच्या तोंडावर तो मला काय म्हणेल?"

"तुला काय म्हणायचं ते म्हणेल. पण तो स्वतःला जे म्हणतोय ते खोटं आहे, आणि त्याच्या जोरावर तो रविवारी सगळं फेकणार आहे. पुढच्या महिन्यात थांब्यावर उभा असेल, हात मागे करून."

"हे तुम्ही त्याच्यासाठी करताय की स्वतःसाठी?"

"दोन्ही," मी म्हटलं. "लक्ष्मीपूजनाची अट मागे घे."

"विचार करते," म्हणून तिने फोन ठेवला. मिक्सर पुन्हा सुरू झाला की नाही ते कळलं नाही.

मंगळवारी साडेसातला दुकान उघडलं. मिलिंद पावणेआठला आला, पाठीला लॅपटॉपची बॅग. मी कार्ड टेबलावर त्याच्याकडे तोंड करून ठेवलं.

"हे तुमचं कार्ड. पंधरा सालचं."

त्याने चष्मा वर केला. "हे लाल काय?"

"बाटलीत खरं जे होतं ते. निळं लेबलवरचं."

तो इंजिनियर माणूस. बोट ठेवून ओळीओळीने खाली गेला, मग परत वर आला, आणि मला गणित समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे नोव्हेंबरात मी दोनवर होतो."

"हो."

"आणि मी तिथे," त्याने काचेतून थांब्याकडे बघितलं, "तुम्हाला म्हणालो की माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

"उद्या दुकानात या म्हटलं."

"गेनाऊ."

त्याची ट्राम आली आणि गेली. तो हलला नाही.

"मंजिरीला माहीत होतं?"

"कमी करतेय हे माहीत होतं. कल्पना माझी. सिगारेटचं तिला काल कळलं. मी बोलले तिच्याशी, लक्ष्मीपूजनाची अट—"

"बोललात. परत माझ्यामागे."

 माफी मागितली, एकदाच. त्याने ती न ऐकल्यासारखं केलं. कार्डावर बोट ठेवून विचारलं, "आता तुमचा सल्ला काय?" आवाज असा, जसा अनोळखी दुकानदाराला विचारतात.

"नऊ. तिथवर तुम्हाला जमलं होतं. तिथे दोन महिने राहा. लिक्विड जास्त संपायला लागलं की समजायचं, घाई झाली, तिथेच थांबायचं. शून्यावर कधी याल ते मी सांगू शकत नाही. सिगारेट मात्र नको."

"नऊ नाही," तो म्हणाला. "अकरा. मी ठरवतो. सिरिंज द्या."

सिरिंज, निकोटिनची बाटली, बिननिकोटिनचं लिक्विड, रिकामी बाटली, लेबलांची पट्टी, सगळं त्याच्यासमोर ठेवलं. त्याने जाकीट काढलं, बाह्या सारल्या. सिरिंज उजेडाकडे धरून रेघ बघितली, एक बुडबुडा होता तो टिचकी मारून काढला. बाटलीचं झाकण लावताना ते तिरकं बसत होतं. माझा हात आपोआप पुढे गेला. त्याने बाटली स्वतःकडे ओढली. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

झाकण बसलं. माझ्या डब्यातलं निळं पेन घेऊन त्याने लेबलवर अकरा लिहिलं, खाली तारीख लिहिली आणि ते अंगठ्याने दाबून चिकटवलं. कार्डाची घडी करून पाकिटात ठेवली. कार्ड नेऊ का म्हणून विचारलं नाही.

तो पुढच्या ट्रामने गेला. मी सिरिंज धुऊन ठेवली, टेबल पुसलं, आणि उरलेली कार्डं यंत्रात घालायला बसले, चार-चार करून.